विश्वास फक्त आपणच ठेवायचा?

शिष्यवृत्तीसाठी मी जात, उत्पन्न, आधार, बँक खातं, सगळं सरकारपुढे मांडलं. विद्यापीठात राखीव पदं किती रिक्त आहेत, हे विचारायला मात्र माहिती अधिकाराचा अर्ज लागतो. विश्वास कुणावर ठेवायचा आणि पाळत कुणावर, हे इथे जन्मावरून ठरत आलंय. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदवल्या, त्यांच्या हजेऱ्या घेतल्या. तो १९५२मध्ये रद्द झाला. वृत्ती टिकली. नागपूर, चंडीगडमध्ये सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं आली. (ठेकेदार मजुरी किती कापतो, ते सांगणारं घड्याळ अजून निघायचंय.)

खासगीपणा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं. पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्राला दिली. त्याच कायद्याने माहिती अधिकारही आखडला: ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की नकार देणं सोपं. आपली जात त्यांच्या संगणकात, नेमणुकांचं रोस्टर त्यांच्या कपाटात.

रोस्टरची माहिती मागणं सोडू नका. नकार आला तर अपिलात कलम ८(२) लिहा. जनहित मोठं असेल तर माहिती देण्याची तरतूद तिथे अजून शाबूत आहे.