प्रेतांचा खेळ आणि नळाचे पाणी

संगणकावरील खेळ, आणि तोही चालत्या प्रेतांचा, असा विषय ह्या पानावर यावा ह्याचे काही वाचकांना नवल वाटेल. २०२४ च्या ऑगस्टपूर्वी मलाही वाटले असते. आमचा नातू रात्री जागून हा खेळ खेळे, आणि घरातल्या वडील माणसाने अशा वेळी जे बोलायचे असते ते मी नियमाने बोलत असे. त्या महिन्याच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. पाणी अजून आमच्या गल्लीपर्यंत पोचले नव्हते, वीज शाबूत होती, आणि हा पंधरा वर्षांचा मुलगा कोणी न सांगता घरातल्या बादल्या, पातेली, इतकेच काय, देवघरातली कळशी देखील भरून ठेवू लागला. ‘‘आजोबा, लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की नळ बंद,’’ एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी वीज गेली ती तीन दिवस आली नाही. हे शहाणपण त्याला शाळेने शिकवले नव्हते, मीही नाही. तो ते केंटकीत शिकला होता.

केंटकी म्हणजे अमेरिकेतले एक संस्थान, आणि तो तेथे गेला होता तो खेळातून. खेळाचे नाव ‘प्रोजेक्ट झॉम्बॉइड’. ब्रिटनमधील ‘द इंडी स्टोन’ नावाच्या एका लहान मंडळीने तो रचला. २०१३ पासून तो ‘स्टीम’ ह्या इंटरनेटवरील दुकानात आला आणि दहा वर्षांहून अधिक काळ ‘अजून अपुरा आहे’ असे सांगूनच विकला गेला. इतका प्रामाणिक दुकानदार विरळा. काळ १९९३ च्या जुलैचा, स्थळ केंटकीतील लुईव्हिल शहर आणि त्याच्या आसपासची गावे. त्यांतली मल्ड्रॉ आणि वेस्ट पॉइंट ही गावे नकाशावर खरोखरच आहेत, काही मात्र कल्पनेतली आहेत. रोग पसरून माणसे मेली आहेत आणि मेलेली उठून हिंडत आहेत. त्यांना झोंबी म्हणतात. आपल्या वेताळाचे हे दूरचे भाऊबंद खरे, परंतु वेताळ प्रेतात शिरून विक्रमाला कोडी तरी घालतो. ह्यांना फक्त भूक आहे. शेवटी खेळणारा मरणार, हे खेळ आरंभीच सांगून टाकतो. प्रश्न एवढाच, की किती दिवसांनी आणि कशाने.

पूर ओसरल्यावर मी नातवाच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागलो. पाहता पाहता ध्यानात आले की प्रेतांपेक्षा इतर गोष्टींनीच माणूस तेथे अधिक वेळा मरतो. फुटक्या खिडकीतून काचा न काढता आत शिरले तर हात कापतो, आणि पट्टी नसली तर रक्त वाहून प्राण जातो. पावसात भिजून तसेच राहिले तर सर्दी होते. मग शिंक येते आणि शिंकेच्या आवाजाने प्रेते जमतात. चूल पेटती ठेवून निघून गेले तर घर जळते. सडत्या मुडद्यांच्या ढिगाजवळ राहिले तर आजार जडतो. आमच्या आजीने सांगितलेले सारे नियम तेथे लागू आहेत, आणि मोडले तर शिक्षा आजीपेक्षा कडक आहे.

परंतु खरी खुबी विजेत आणि पाण्यात आहे. आरंभी दिवे लागतात, नळाला पाणी येते, दूरदर्शनवर सुतारकामाचे आणि स्वयंपाकाचे कार्यक्रम लागतात व ते पाहून खेळातला माणूस थोडा शिकतो देखील. मग एकेक बंद पडत जाते. वीज आणि पाणी पहिल्या महिन्याभरात केव्हा तरी जाते. कोणत्या दिवशी, ते आधी कळत नाही. वीज गेली की शीतकपाटातले मांस, दूध, भाज्या नासू लागतात आणि डबाबंद अन्नाला सोन्याचा भाव येतो. पाणी गेले की पावसाचे पाणी पिंपात धरायचे, पण ते उकळल्याशिवाय प्यायचे नाही. जनरेटर मिळाला तरी तो जोडावा कसा हे ज्या मासिकात दिले आहे ते शोधून वाचावे लागते. तो बंद घरात चालवला तर धुराने गुदमरून मरण. आणि जनरेटरला पेट्रोल हवे, तर पेट्रोलचे पंप विजेवर चालतात! म्हणजे पेट्रोल मिळवण्यासाठी आधी पंपाजवळ जनरेटर नेऊन चालवायचा. ह्या एका गाठीत नगररचनेचा जेवढा धडा आहे, तेवढा मला कित्येक व्याख्यानांत मिळाला नाही.

दिसायला मात्र हा खेळ अगदी गरीब आहे. वरून तिरके पाहिलेली बाहुल्यांची घरे असावीत तसे त्याचे चित्र. दृश्यसौंदर्य हवे असेल तर ते ‘द लास्ट ऑफ अस’ ह्या अमेरिकी खेळात पाहावे. ‘नॉटी डॉग’ ह्या मंडळीने तो २०१३ मध्ये काढला. २०२० मध्ये दुसरा भाग आला आणि २०२३ मध्ये त्यावर दूरचित्रवाणीची मालिकाही झाली. त्यात रोगाचे मूळ एका बुरशीत दाखवले आहे, आणि मुंग्यांच्या शरीरात शिरून त्यांना आपल्या तंत्राने वागवणारी बुरशी निसर्गात खरोखरच आहे. दुसऱ्या भागातील सिॲटल शहर पाहावे: वेलींनी झाकलेल्या इमारती, रस्त्यांवर माजलेले गवत, वाहत्या पाण्याने खचलेले चौक. पहिल्या भागात सॉल्ट लेक सिटी ह्या उजाड शहरात जिराफांचा कळप शांतपणे पाला खात असतो, आणि बाप-लेकीसारखी झालेली ती दोघे क्षणभर सारे विसरून पाहत राहतात. तो प्रसंग मलाही आवडला. पण तो देखावा आहे, नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखा. पडद्यावरचे झाड कितीही हुबेहूब असले तरी त्याची सावली कोणाच्या अंगावर पडत नाही. झॉम्बॉइडमधले झाड चित्र म्हणून सामान्य, पण ते तोडले तर लाकूड मिळते, लाकडाने चूल पेटते, आणि चुलीवर पाणी उकळते. समीक्षक ‘वास्तव’ म्हणून पानापानावरच्या दवाची वाखाणणी करतात तेव्हा मला त्यांना विचारावेसे वाटते, की त्या नगरीत नळाला पाणी किती दिवस येते?

हे वास्तव सर्वत्र चोख आहे असे नाही. केंटकीत त्या काळी वीज बहुतेक सारी कोळशावर होत असे. भट्ट्यांवर माणसे नसताना ती तीन-चार आठवडेसुद्धा टिकू शकते, हे फारच उदारपणाचे झाले. उलट झाडझाडोऱ्याच्या बाबतीत खेळ उतावळा आहे. काही महिन्यांतच रस्ते फोडून रोपटी वर येतात. चेर्नोबिलच्या अपघातानंतर १९८६ च्या एप्रिलमध्ये रिकामे केलेले प्रिप्यात शहर आज जंगलात बुडाले आहे खरे, पण त्याला काही दशके लागली. निसर्ग सूड घेतो असे आपण म्हणतो. त्याला मुळात घाई नसते.

आणि जंगलातली जनावरे शहरात येण्यासाठी शहर ओसाडच पडावे लागते असेही नाही. जिराफांचे कौतुक करताना नातवाला मी म्हटले, की आपल्याकडे मगरी आल्या होत्याच. त्या तीन दिवसांत बडोद्याच्या वस्त्यांतून दोन डझन मगरी पकडून बाहेर काढल्याचे वृत्त सर्वांनी वाचले आहे. नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली होती. ज्या आजव्याच्या तलावातून सयाजीराव महाराजांच्या काळात शहराला पाणी आले, त्याच तलावातून सोडलेले पाणी पावसाच्या पाण्याला मिळून रस्त्यांवर आले होते. आणि आमच्या घरी पिण्याला देवघरातली कळशी.

येथपर्यंत खेळ खरा ठरला. पुढे मात्र त्याचे आणि पुराचे पटत नाही. खेळात दार वाजले तर समजावे की प्रेत आले. आमचे दार वाजले तेव्हा समोरच्या घरातला मुलगा गुडघाभर पाण्यातून दुधाच्या पिशव्या घेऊन उभा होता. शेजारच्या बेनने थेपल्यांचा डबा गच्चीवरून दोरीला बांधून सोडला. तिच्याकडे गॅस होता, आमच्याकडे उकळलेले पाणी होते. तिसऱ्या दिवशी दोन्ही घरांचा चहा एकाच पातेल्यात झाला. खेळात एकट्याने खेळताना एकही जिवंत माणूस भेटत नाही. मित्रमंडळी आपापल्या संगणकावरून एकत्र खेळू शकतात, पण गावात स्वतःचा म्हणून राहणारा शेजारी कोणी नाही. जिवंत माणसे पुढे आणू, असे कर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये नवी आवृत्ती चाचणीसाठी बाहेर आली. तिच्यात गाई आल्या, कोंबड्या आल्या, मेंढ्या-डुकरे आली, तळघरे आली. माणसे नाही आली. गाय रचण्यापेक्षा शेजारी रचणे अवघड, ह्याचे मला आश्चर्य वाटत नाही. गाईला चारा-पाणी दिले की भागते. शेजारी आज डबा पाठवील की दार लावून घेईल, ह्याचे गणित कोणत्या यंत्रात बसवावे?

तरीही हे न्यून लहान नाही. संकटाचा अभ्यास म्हणून मुले हा खेळ खेळत असतील, तर ती पाणी साठवायला शिकतात आणि त्याबरोबरच दाराला फळ्या ठोकायलाही शिकतात. पुराच्या पहिल्या संध्याकाळी आमच्या नातवाने भरलेल्या बादल्या मोजून, ‘‘एवढे आपल्याला सहा दिवस पुरेल,’’ असा हिशेब मांडला होता. त्यात शेजारचे घर धरलेले नव्हते. मी ते लक्षात आणून दिले तेव्हा तो वरमला नाही. त्याने मुकाट्याने भागाकार पुन्हा केला आणि ‘‘मग तीन,’’ म्हणाला.

आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात एक विहीर आहे. नळ आल्यावर तिचा उपयोग उरला नाही, आणि पुढे माझ्या वडिलांनी मुलांच्या भीतीने तिच्यावर लादी बसवली. दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही दोघांनी पहारीने ती लादी सरकवली. पाणी आहे. काळे दिसते, गाळ काढावा लागेल. मोटर बसवू असे मी म्हणताच नातू हसला. मोटर म्हणजे पुन्हा वीज आलीच. रहाट कोठे मिळतो, असे त्याने विचारले. जुना रहाट माळ्यावर आहे, दोर मात्र नवा आणावा लागेल.