‘निहाय’ची कळ

सोमवारची आढावा बैठक. पडद्यावर रिजेक्शनचा महिनानिहाय आलेख. प्लांट हेड विचारतात, “हेच मशीननिहाय आहे का?” एमआयएसचा मुलगा वहीत टिपून घेतो. तेवढ्यात क्वालिटीवाल्यांना पाळीनिहाय हवं असतं, परचेसवाल्यांना पुरवठादारनिहाय. “पुढच्या सोमवारी आणतो, सर.” तो आणतोही बिचारा, पण तोवर विचारणाऱ्याच्या डोक्यातून प्रश्नच गेलेला असतो. भोसरीच्या एका कारखान्यात हा प्रकार मी वर्षभर पाहिला.

डेटावाल्यांच्या भाषेत याला ‘डायमेन्शन’ म्हणतात, पण तसं म्हटलं की बैठकीतली निम्मी माणसं गप्प होतात. ‘निहाय’ मात्र शिपायालाही कळतं. मोजायचं तेच, फक्त कशानिहाय ते बदलायचं, एवढीच मागणी. ती जुनीही आहे. 1991 साली नेक्स्ट संगणकावर आलेल्या लोटस इम्प्रॉव्हमध्ये ओळी-रकान्यांची शीर्षकं माऊसने उचलून इकडची तिकडे ठेवता येत. 1993 च्या एक्सेल 5 मध्ये पिव्होट टेबल आलं. म्हणजे आकडे मांडणाऱ्याला ही मोकळीक तीस वर्षं आहे. समोर बसून बघणाऱ्याला ती सहजासहजी नव्हती. पॉवर बीआय या रिपोर्ट बनवण्याच्या साधनात त्यासाठी पाच आलेख एकावर एक रचून, बुकमार्क लावून, चार लपवायचा उद्योग चाले. दुरुस्ती पाचही आलेखांत करावी लागे आणि नेमका एक राहून जाई. मे 2022 मध्ये फील्ड पॅरामीटर आले आणि ही कसरत संपली. हवी ती फील्ड निवडली की त्यांचा छोटा तक्ता तयार होतो. तो अक्षावर ठेवायचा, शेजारी स्लायसर, म्हणजे निवडीच्या कळा, द्यायचा. ‘पाळी’ दाबलं की पाळी, ‘मशीन’ दाबलं की मशीन.

ही कळ द्यावीच, असं माझं मत. “लोक गोंधळतील” हा आक्षेप बहुधा रिपोर्ट बनवणाऱ्यांचाच असतो, आणि त्यात थोडी मक्तेदारी जाण्याची भीतीही असते. गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणांनी. महिन्यांसाठी काढलेला रेषालेख ‘मशीन’ दाबल्यावरही रेषालेखच राहतो. सीएनसी 3 पासून सीएनसी 4 पर्यंत जाणारी ती तिरकी रेघ नक्की काय सांगते? एका लॉटमध्ये दोन दोष निघाले की दोषनिहाय तो दोनदा मोजला जातो, आणि स्तंभांची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. मग अर्धी बैठक तो फरक शोधण्यात जाते. आणि स्लायसरवर ‘एकच निवड’ लावायची राहिली, तर कोणीतरी दोन फील्ड निवडतो आणि दोन्ही अक्षावर येऊन बसतात.

पण सर्वात मोठी मेख वेगळीच आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचे 1973 चे पदव्युत्तर प्रवेश घ्या. अर्जदार पुरुषांपैकी सुमारे 44 टक्के घेतले गेले, स्त्रियांपैकी सुमारे 35. पक्षपात उघड दिसत होता. तीन अभ्यासकांनी तेच आकडे विभागनिहाय मांडले आणि 1975 साली ‘सायन्स’मध्ये छापले. 85 पैकी फक्त 4 विभागांत स्त्रियांविरुद्ध ठळक कल निघाला, 6 विभागांत पुरुषांविरुद्ध. ज्या विभागांत प्रवेश मिळणं मुळातच कठीण, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. आता आपल्या कळेकडे या. अक्षावरचं ‘लिंग’ काढून ‘विभाग’ ठेवला असता तर हे कळलंच नसतं, कारण स्त्री-पुरुष ही फोडच पडद्यावरून गेली असती. विभाग अक्षावर हवा आणि लिंग रंगात. म्हणून मी कळा दोन मागतो: एक अक्षाची, एक रंगाची.

भोसरीत अक्षाची एकच कळ बसवली होती. यादीत काय असावं हे आयटीवाल्यांनी एका दुपारी ठरवलं, डेटाबेसमध्ये जे रकाने होते ते. त्यात ‘ऑपरेटर’ही आला. मग प्रत्येक सोमवारी कोणी ना कोणी तेच दाबायचं आणि एकाच माणसाचा स्तंभ उंच दिसायचा. सगळ्यात जुनं लेथ त्याच्याकडे होतं, हे शॉप फ्लोअरवर सर्वांना ठाऊक. पण मशीननिहाय दाबलं की माणूस दिसेना, ऑपरेटरनिहाय दाबलं की लेथ दिसेना. यादी करताना सुपरवायझरला कोणी विचारलं असतं, तर ही जोडी त्याने पहिल्या मिनिटाला सांगितली असती.

मी म्हटलं, रंगाची कळ बसेपर्यंत ‘ऑपरेटर’ यादीतून काढा. प्लांट हेडनी मान डोलावली आणि एमआयएसच्या मुलाला म्हणाले, “काढून टाक. माझ्या कॉपीत तेवढं राहू दे.”