प्लिनीची तक्रार आणि मिरीचा हिशेब

प्राचीन रोमच्या व्यापाराचा विषय निघाला की आपल्याकडे प्लिनीचा दाखला हमखास दिला जातो. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून साम्राज्याचे दरवर्षी किमान 10 कोटी सेस्टर्स ओढून नेतात आणि हे सगळं चैनीपायी, बायकांपायी, अशी त्याची तक्रार. आपणही ती अभिमानाने सांगतो : बघा, रोमचं सोनं आपल्याकडे येत होतं! मला मात्र ही तक्रार म्हणजेच हिशेब समजणं चुकीचं वाटतं.

या व्यवहाराची दुसरी बाजू व्हिएन्नात ठेवलेल्या एका पपायरसवर आहे. दुसऱ्या शतकातल्या या कागदात केरळच्या मुझिरिस बंदराशी चाललेल्या व्यापाराच्या कर्जाचा करार आहे आणि मागच्या बाजूला 'हर्मापोलोन' नावाच्या जहाजातल्या मालाची किंमत मांडली आहे : जवळजवळ 70 लाख सेस्टर्स. पूर्वेकडून येणाऱ्या मालावर रोमन सरकार 25 टक्के जकात घेई. (आपली अडीच टक्क्यांची जकात नव्हे, नाक्यावरची!) म्हणजे एकाच जहाजामागे किमान 17 लाख सेस्टर्स तिजोरीत. तेव्हा साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार 1200 सेस्टर्स होता. एका जहाजाच्या जकातीतून 1400 सैनिक वर्षभर पोसले जात. सम्राट वेस्पाशियनच्या मर्जीतला अधिकारी असलेल्या प्लिनीला या उत्पन्नाची कल्पना नसेल, हे मला पटत नाही.

'बायकांची चैन' हेही अर्धसत्यच. उत्तर ब्रिटनमधल्या विंडोलंडा या लष्करी ठाण्यात सापडलेल्या लाकडी पट्ट्यांपैकी एकीवर एका सैनिकाच्या नावे 2 देनारिअसची मिरी मांडलेली आहे. साम्राज्याच्या पार टोकाला पहारा देणारा शिपाईही मलबारची मिरी खात होता. त्याला चैनखोर कुणी म्हटलं नाही.

देनारिअस म्हणजे ज्याच्यावरून 'दिनार' हा शब्द आला, ते चांदीचं नाणं. इ. स. 64 मध्ये नीरोने त्यातली चांदी कमी केली. पुढच्या सम्राटांनी सैन्याचे पगार वाढवले आणि ते भागवायला नाण्यात भेसळ वाढवत नेली. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीच्या म्हणवणाऱ्या नाण्यात चांदी पाच टक्केही उरली नव्हती. हे ना पैठण-तेरच्या व्यापाऱ्यांनी केलं, ना अरब खलाशांनी, ना रेशीम नेसणाऱ्या बायकांनी. टांकसाळ सम्राटाच्या हातात होती.

तरीही दोन हजार वर्षं प्लिनीचंच वाक्य लक्षात राहिलं, कारण परक्यांना आणि बायकांना दोष देणं सोपं असतं. त्यासाठी जमाखर्च पाहावा लागत नाही. म्हणून देशाचा पैसा अमुक लोकांमुळे जातो असं कुणी म्हणालं, की मी आधी जमेची बाजू दाखवायला सांगतो.