बोनस आणि पगार

वडील गिरणीत होते. बोनसच्या दिवशी ते घरी आले की आई चहाआधी वही काढायची. वाण्याची उधारी, थकलेलं भाडं, आत्याकडून आणलेले पैसे. एकेका नावावर काट मारली जायची आणि पाकीट पातळ होत जायचं. उरलेल्यात आम्हा दोघा भावांना शर्ट, तेही पुढच्या दिवाळीला पुरावेत म्हणून दोन इंच ढगळ शिवलेले. तुळशीचं लग्न होईतो वहीत वाण्याचं नाव पुन्हा हजर.

‘बालपण आणि पैसा’ या विषयावर वाचताना ही वही आठवली, आणि आठवली ती अमेरिकेमुळे.

तिथे मुलं असलेल्या कुटुंबांना करात सवलत मिळते. वर्षातून एकदा, परतावा येतो तेव्हा, म्हणजे बोनसच. पण ज्यांची कमाई अगदीच तुटपुंजी, त्यांना ती पुरती मिळत नसे, काहींना अजिबात नाही. ज्याचं पोट रिकामं, त्याच्याच ताटात कमी. कोविडकाळात, मार्च 2021 मध्ये, हे तात्पुरतं बदललं. कमाईची अट गेली. सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला 3,600 डॉलर, त्याहून मोठ्यांमागे 3,000. आणि त्यातली निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा खात्यात. बोनसचा पगार झाला.

पैसे कुठे गेले, असं तिथल्या जनगणना खात्याने पालकांना विचारलं. सगळ्यात जास्त उत्तरं आली खाण्याची. सरकारी मदत धरून मोजलेली बालगरिबी 2020 मध्ये 9.7 टक्के होती, ती 2021 मध्ये 5.2 टक्क्यांवर आली. या हप्त्यांच्या मुदतवाढीचं घोडं सिनेटमध्ये अडलं. 2022 चा आकडा 12.4 टक्के. कोविडची इतर मदतही तोवर आटली होती हे खरं, पण वर्षभरात 50 लाखांहून जास्त मुलं पुन्हा गरिबीत गेली, त्यात या बंद पडलेल्या हप्त्यांचा वाटा मोठा.

फुकट पैशाने माणसं आळशी होतात, हा आपल्याकडे ‘लाडकी बहीण’ योजनेवरून पारावर रंगणारा वाद तिथेही रंगला. त्या सहा महिन्यांच्या बहुतेक अभ्यासांत आईबापांनी कामं सोडल्याचं काही दिसलं नाही.

एक अभ्यास मात्र असे थेट पैसे द्यावेत म्हणणाऱ्यांना जड गेला. ‘बेबीज फर्स्ट इयर्स’ हा प्रयोग 2018 मध्ये सुरू झाला. नुकत्याच बाळंत झालेल्या 1,000 गरीब आया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काहींना महिना 333 डॉलर, बाकीच्यांना 20. मुलं चार वर्षांची झाल्यावर भाषा, समज, वागणूक सगळं तपासलं, आणि दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. काहींनी लगेच निकाल देऊन टाकला: बघा, पैसे वाया. संशोधन प्रामाणिक आहे, ते झाकू नये. मला खटकतो तो हिशेब. मोठ्यांच्या पगारवाढीने त्यांची बुद्धी किती वाढली, हे कुणी मोजायला जात नाही.

ते ढगळ शर्ट घालून आम्ही दोघे भाऊ अभ्यासात हुशार झालो का? नाही. पण दिवाळीच्या त्या चार दिवसांत आई आमचं बोट धरून वाण्याच्या दुकानासमोरून सरळ जायची. एरवी आम्ही मागच्या गल्लीने जायचो.