उंट मूळचा कुठला?

आमच्या शाळेच्या वर्गमित्रांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. दहावीला एकत्र असलेले चाळीसेक जण त्यात आहेत. गेल्या वर्षी कुठल्याशा बातमीवरून वाद पेटला. ज्या मित्राने लहानपणी दर ईदला आमच्या घरी शीरखुर्मा खाल्ला, त्यानेच मला उद्देशून लिहिले, "तुम्ही बाहेरून आलेले लोक. आपले उंट घ्या आणि परत जा." खाली सात-आठ जणांनी हसरे चेहरे टाकले.

माझ्या माहितीतल्या सगळ्या पिढ्या मिरज तालुक्यातल्या. उंट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो सर्कशीत, त्याच मित्राबरोबर. मी तेव्हा उत्तर दिले नाही. पण तो उंट डोक्यातून जाईना. म्हणून उंटाविषयी वाचत गेलो आणि जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

उंट मूळचा अरबस्तानातला नाही. तो मूळचा अमेरिकेतला आहे. उंटकुळाचे सर्वांत जुने जीवाश्म उत्तर अमेरिकेत सापडतात आणि ते सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हाचा हा प्राणी सशापेक्षा फार मोठा नव्हता. कोट्यवधी वर्षे हे कूळ तिथेच वाढले. सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी त्याची एक शाखा आशियात आली. दुसरी शाखा पुढे पनामाच्या चिंचोळ्या जमिनीवरून दक्षिण अमेरिकेत उतरली. आजचा लामा तिचाच वंशज. २०१३ साली कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर सापडलेल्या उंटाच्या हाडांची माहिती प्रसिद्ध झाली. ती हाडे सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. तिथे तेव्हा अरण्य होते, पण हिवाळा लांब आणि कडक होता. वाळूत उपयोगी पडणारे रुंद पाय आणि मदारीतली चरबी यांचा उपयोग आधी बर्फात झाला असावा, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे.

कुरआनच्या अल-गाशिया या सूरेत उंटाकडे पाहा, तो कसा घडवला गेला ते पाहा, असे आवाहन आहे. आपण ते वाचतो आणि वाळवंटाशीच थांबतो. खरोखर पाहू गेलो तर नजर थेट उत्तर ध्रुवाजवळ पोचते.

मग मधला समुद्र उंटाने ओलांडला कसा? अलास्का आणि सैबेरिया यांच्यामधली बेरिंगची सामुद्रधुनी आज सुमारे ८५ किलोमीटर रुंद आहे, पण खोल मात्र फारशी नाही. बहुतेक ठिकाणी तीस ते पन्नास मीटर. थंडीच्या युगात समुद्राचे पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडते आणि समुद्राची पातळी खाली जाते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी ती आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. म्हणजे आज जो समुद्राचा तळ आहे ती तेव्हा कोरडी जमीन होती. तिला पूल म्हणायची पद्धत पडली आहे, पण पूल म्हटले की अरुंद वाट डोळ्यांपुढे येते. हा प्रदेश उत्तर-दक्षिण दीड हजार किलोमीटरहून रुंद होता. तिथे गवत होते, झुडपे होती, मॅमथ आणि गवे चरत होते. शास्त्रज्ञ त्याला बेरिंजिया म्हणतात. तिथे जगणाऱ्या कुणालाही आपण एक खंड सोडून दुसऱ्यात चाललो आहोत हे ठाऊक नव्हते. जनावर चाऱ्यामागे जात होते आणि माणूस जनावरामागे.

या प्रदेशातून दोन्ही दिशांना ये-जा झाली. घोड्याचे कूळही अमेरिकेतले. तेही असेच आशियात आले. उलट मॅमथ आणि गवे आशियातून अमेरिकेत गेले. पुढे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी घोडा अमेरिकेतून नामशेष झाला. १४९३ साली कोलंबसाने दुसऱ्या सफरीत जहाजातून घोडे नेले आणि १५१९ साली कोर्तेझ सोळा घोडे घेऊन मेक्सिकोत उतरला. आता मला कुणी सांगावे, अमेरिकेतला घोडा परदेशी की घरी परतलेला?

माणूसही आशियाच्याच बाजूने तिकडे गेला. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे चिखलात उमटलेली माणसांची पावले २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीची असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. काहींनी शंका घेतली, तेव्हा परागकण आणि वाळूचे कण तपासून २०२३ साली तोच काळ पुन्हा मांडला गेला. त्या पावलांत मुलांची पावलेही पुष्कळ आहेत.

इथवर ठीक आहे. भांडण पुढे सुरू होते. कोण कुठून आले या माहितीचे लोक काय करतात, हा खरा प्रश्न आहे.

१९९६ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या केनेविक गावाजवळ नदीकाठी एक सांगाडा सापडला. तो साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. पहिल्या पाहणीत कवटीची ठेवण युरोपीय माणसासारखी वाटते असे म्हटले गेले. झाले! गोरे लोकच इथे आधी होते, मूळ निवासी म्हणवणारे नंतर आले आणि त्यांनी आमच्या पूर्वजांना संपवले, असे म्हणणारे उभे राहिले. उमाटिला आणि शेजारच्या जमातींनी हा आमचा पूर्वज आहे, त्याला पुरू द्या, असे सांगितले. काही शास्त्रज्ञ कोर्टात गेले आणि २००४ साली निकाल जमातींच्या विरोधात लागला. मग २०१५ साली त्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो माणूस आजच्या अमेरिकन मूळ निवाशांच्याच जवळचा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये जमातींनी त्याला पुन्हा मातीत ठेवले. सापडल्यापासून वीस वर्षे उलटून गेली होती.

पण समजा, निष्कर्ष उलटा निघाला असता. तो माणूस युरोपीय ठरला असता. तर त्या जमातींवर झालेला अन्याय अन्याय राहिला नसता काय? १८५५ साली त्यांच्याशी केलेला करार रद्दबातल झाला असता काय? त्यांचा हक्क करारावर, वहिवाटीवर आणि सोसलेल्या नुकसानीवर उभा आहे. एका कवटीच्या मापावर तो उभा नाही आणि पडतही नाही.

व्हाइन डेलोरिया हे सू जमातीचे विचारवंत होते. त्यांनी १९९५ साली पुस्तक लिहून बेरिंगवरून लोक आले हा सिद्धांतच धुडकावला. तुम्हीही बाहेरचेच, आम्ही थोडे उशिरा आलो एवढेच, असे म्हणून जमिनी लाटणाऱ्यांविरुद्धचा त्यांचा राग मला कळतो. निष्कर्ष मात्र पटत नाही. विरोधक एखादे सत्य हत्यार म्हणून वापरतो म्हणून ते सत्य खोटे ठरवायचे नसते. हत्यार म्हणून तो वापर खोटा आहे हे दाखवायचे असते.

आता आपल्या घरी येऊ. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये हरियाणातल्या राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातला डीएनए प्रसिद्ध झाला. उत्खननाचे प्रमुख पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे होते. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्त्रीत मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. लगेच मथळे आले की बाहेरून कुणी आलेच नाही. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएवरून ते पशुपालक इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळात इकडे आल्याचे मांडले होते. दोन्ही निबंधांचे काही लेखक तर एकच होते. दोन्हींत विरोध नव्हता. तिच्या हयातीत ते आलेले नव्हते, नंतर आले. मथळे लिहिणाऱ्यांनी हवे तेवढेच उचलले.

या मथळ्यांवर आपली तरुण मुले उत्तर देतात, "आम्ही बाहेरचे, तर आर्यही बाहेरचेच!" टाळ्या मिळतात. मला हे उत्तर मुळीच मान्य नाही. ते समोरच्याचाच नियम मान्य करते आणि फक्त तारखेवरून घासाघीस करते. आधी आलेला मालक आणि नंतर आलेला भाडेकरू, हा तो नियम. तो मान्य केला की भांडणाला अंतच नाही. अंदाजे साठ हजार वर्षे मागे गेलो की आपणा सर्वांचे पूर्वज आफ्रिकेतून निघालेले आढळतात. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांची नक्षी कोरलेली कवचे सापडली. ती सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे आज आफ्रिकेत राहणारा हा पक्षी एकेकाळी खानदेशच्या माणसाच्या शेजारी होता. खुद्द सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून बाहेर आला, तेव्हा हा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि आशियाला चिकटायचा होता. मूळ शोधायला निघालात तर पायाखालची जमीनही बाहेरूनच आलेली निघेल.

दुसरे बोट आपल्याकडे वळवतो. माझ्या एका चाचांच्या बैठकीत शजरा चौकटीत लावलेला आहे. वरचे नाव अरबस्तानातले. मधल्या तीन-चारशे वर्षांचा पत्ता नाही. कोकणात अरब व्यापाऱ्यांशी नाते असलेली घराणी आहेत, ते नाकारायचे कारण नाही. पण बागवान, तांबोळी, पिंजारी, शिकलगार यांनी आपले मूळ मदिनेत आणि बुखाऱ्यात शोधावे, याला काय म्हणावे? आपणच आपल्याला बाहेरचे म्हणवून घेतो, सय्यद आणि पठाण म्हणून मिरवतो, अन्सारीला मुलगी द्यायला कचरतो आणि मग कुणी बाहेरचे म्हटले की रडतो. पैगंबरांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात अरबाला गैरअरबावर श्रेष्ठत्व नाही असे सांगितले. तो शजरा त्या शिकवणीच्या विरोधात टांगलेला आहे, असे मी चाचांना तोंडावर सांगितले आहे. ते दोन महिने बोलले नाहीत.

कुणी म्हणेल, येण्याच्या क्रमाला किंमत नसेल तर आदिवासींच्या हक्काचे काय? चांगला प्रश्न आहे. २००६ चा वनहक्क कायदा पाहा. तो त्या जमिनीवरचे वास्तव्य, जंगलावरची उपजीविका आणि त्यांच्यावर झालेला ऐतिहासिक अन्याय यांचा आधार घेतो. गुणसूत्रे मागत नाही. आपल्या संविधानाचे कलम ५ देखील तसेच आहे. प्रजासत्ताक सुरू होताना नागरिक कोण, हे ठरवताना त्याने इथले अधिवास, स्वतःचा किंवा आईवडिलांचा जन्म आणि पाच वर्षांचे वास्तव्य एवढेच विचारले. पणजोबा कुठून आले हे विचारले नाही. ज्यांनी ते लिहिले त्यांना फाळणीच्या काळातही हे सुचले, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. प्राचीन लोक आणि प्राणी कुठून कुठे गेले, हे जरूर शिकावे, मुलांना शिकवावे. आपल्या मदरशांत शिकवावे आणि शाखेतही शिकवावे. पण त्या ज्ञानातून सातबारा काढू नये.

महिनाभराने मी ग्रुपवर उंटाची ही हकिगत थोडक्यात टाकली आणि शेवटी लिहिले, "परत पाठवायचेच असेल तर उंटाला अलास्काचे तिकीट काढावे लागेल. मी मात्र मिरजेतच आहे. ईदला ये." त्यावर कुणी हसरा चेहरा टाकला नाही. मित्राने दोन दिवसांनी खासगीत एवढेच विचारले, "लामा खरंच उंटाचा भाऊ?" मी म्हणालो, "चुलत." अजून आमचे पूर्वीसारखे बोलणे सुरू झालेले नाही.