सुईआधी गोळ्यांची पिशवी दाखवा

पावसात तुडीलच्या निसरड्या बांधावरून घरातले म्हातारे माणूस पडले, खुब्याचे हाड मोडले, तर तुम्ही काय करता? गाडी बघता, पैशांची जुळवाजुळव करता, आधार कार्ड आठवणीने घेता आणि महाड गाठता. रोजच्या गोळ्यांची पिशवी मात्र फळीवरच राहते. आमचे म्हणणे एवढेच, की ती पिशवी आधी उचला.

पायाच्या ऑपरेशनला पुष्कळदा पाठीच्या कण्यात सुई देऊन भूल देतात. सुई जाताना बारीक रक्तवाहिनीला लागली, तरी एरवी रक्त आपोआप थांबते. पण हृदयविकार, स्टेंट किंवा पक्षाघातासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते थांबेलच असे नाही. हाताला रक्त आले तर दाबून धरता येते; कण्यात कसे दाबणार? तिथे साकळलेले रक्त मज्जारज्जू दाबते आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. असे क्वचितच घडते, पण घडले तर घराचा कर्ता माणूस जायबंदी होतो.

फुरसे चावले तर रक्त गोठत नाही, हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. तिथे काचेच्या नळीत २० मिनिटे रक्त ठेवले की खरेखोटे कळते. वॉर्फरिनचा असरही रक्ततपासणीत समजतो. क्लोपिडोग्रेलचा मात्र नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. तो तुम्ही सांगाल तेव्हाच डॉक्टरांना कळणार!

म्हणून गोळी कोणती आणि शेवटची कधी घेतली, ते सांगा. दात काढताना किंवा बाळंतपणात फार रक्त गेले होते का, तेही सांगा. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात; कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन एकटी असेल तर बहुधा अडत नाही. पण हा हिशेब डॉक्टरांचा. आपल्या मनाने गोळी बंद केलीत तर स्टेंट तुंबायचा. थांबायला वेळच नसेल, तर भूलतज्ज्ञ पूर्ण भूल देण्याचा किंवा दुसरा मार्ग काढतात.

ऑपरेशननंतर पायांची ताकद वेळेत परतली नाही, किंवा आलेली पुन्हा गेली, तर ‘भूल उतरायची असेल’ म्हणून सकाळपर्यंत बसू नका. लगेच ओरडून सांगा. ८ तासांच्या आत उपाय झाला तर पाय वाचण्याची आशा जास्त.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. आशाताईंच्या मदतीने प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांची नावे एका चिठ्ठीवर लिहून ती रेशन कार्डात ठेवावी. खर्च एका कागदाचा आहे.