कुलपातले संगणक

आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेला आखातात नोकरी करणाऱ्या एका दानशूर भावाने बारा संगणक दिले. फीत कापली, फोटो निघाले, बिर्याणी झाली आणि खोलीला कुलूप लागले. किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. का, म्हणून विचारले, तर उत्तर आले, 'बिघडतील!' संगणक बिघडतील की पोरे, हे मात्र कुणी स्पष्ट केले नाही.

आपल्या समाजाचे नव्या यंत्राशी हे नाते जुनेच आहे. नमाजसाठी ध्वनिक्षेपक चालेल की नाही, यावर आपल्या उलेमांनी वर्षानुवर्षे वाद घातला. आज त्याचा आवाज कमी करा म्हटले की आपणच चिडतो. यंत्र हराम नव्हते, हे कळायला आपण एक पिढी घालवली. शाळेच्या बाबतीत तेवढी सवड आपल्याला आहे का? २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के होती आणि मुसलमानांची ५९.१. सच्चर समितीने २००६ मध्ये तो आकडा आपल्यासमोर ठेवला, तेव्हा आपण सरकारला भरपूर दोष दिला. तो दिलाच पाहिजे. पण ड्रॉवरमधली किल्ली सरकारची नव्हती.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तालीम फोनवर आली. घरात फोन एकच. तो कुणाला मिळाला? सातवीतल्या भावाला. दहावीतल्या बहिणीला रात्री, भांडी झाल्यावर, तेही अम्मी शेजारी बसून! २०२१ च्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतात ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांतल्याही चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांच्या हाती तो येत नव्हता. त्यात आपल्या मुली किती, ते आपापल्या घरात पाहावे. 'मोबाइलने मुली हाताबाहेर जातात' म्हणणाऱ्यांनी मुलगे रात्री दोनपर्यंत त्याच मोबाइलवर काय करतात, तेही एकदा तपासावे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळालेली जिल्हा परिषदेची शाळा गोठ्याला लागून होती. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तके मराठी. गुरुजी मुलांची भाषा शिकले, पाठ त्या भाषेत आणले आणि पुस्तकात क्यूआर कोड घातले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. आपल्याला यातले बक्षीस तेवढे दिसले. आमच्या मते खरी करामत कोडची नाही, घरच्या बोलीची आहे. आपली पोरे घरी दखनी किंवा कोकणी बोलतात आणि शाळेत मराठीसमोर, कुठे उर्दूसमोरही, मुकी होतात. आपल्या एखाद्या शिक्षकाने पहिलीचा धडा त्या बोलीत समजावून साध्या फोनवर ध्वनिमुद्रित केला, तर खर्च किती? एक पैसा नाही. पण त्यात फीत कापता येत नाही!

आम्ही यंत्राचे भक्त नाही. गणिताला शिक्षक नसलेल्या शाळेत भिंतीवर पडदा टांगून गणित येत नाही. आधी शिक्षक मागा, वीज मागा, मुलींसाठी धड संडास मागा. पण जे आलेले आहे, ते तरी उघडा.

येत्या रमजानात जमातीचा हिशेब वाचला जाईल. त्या बैठकीत बारा संगणकांचा हिशेब आम्ही उभे राहून मागणार आहोत. आणि या वेळी मुलींच्या अम्मींनाही बैठकीला घेऊन येणार आहोत.